माइकसमोरचं पोट

“त्या घरात त्या क्षणी कोणीही नव्हतं,” मी वाचलं आणि थांबले. लेखकाने तिथे थांबायलाच सांगितलं होतं. त्या थांबण्यात माझं पोट बोललं.

हळूच नाही. तुंबलेल्या मोरीतलं पाणी एकदम सुटावं तसं, लांबलचक, आणि शेवटी जरा चढत गेलेलं, काहीतरी विचारल्यासारखं.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने एका कानावरचा हेडफोन सरकवला. “बाई, पोटात कावळे ओरडताहेत. दोन घास खाऊन या.”

“खाऊनच आलेय.”

“मग खुर्ची असेल,” तो लगेच म्हणाला. हा माणूस फार सज्जन आहे. त्याच्यात दुसरा काही दोष मला आजवर सापडलेला नाही.

मी आवाजाचं काम करते. “आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा,” असं फोनवर जी बया पुन्हापुन्हा सांगते, ती मी. लिफ्टमध्ये मजले मोजते ती मी, आणि जाहिरातीच्या शेवटी ‘अटी लागू’ एका दमात उरकते तीही मीच. अख्खं गाव माझा आवाज ऐकतं आणि शिव्या देतं, पण नाव कोणाला ठाऊक नाही. गॅसच्या तक्रारीसाठी फोन लावला तर मलाही माझंच ऐकावं लागतं. आणि आता पहिल्यांदा एक अख्खं पुस्तक माझ्याकडे आलं होतं. ऐकायचं पुस्तक, भुताच्या घराची कादंबरी, चांगली जाडजूड. मुखपृष्ठावर ‘वाचन’ असं लिहून पुढे माझं नाव येणार होतं. प्रकाशिका बाईंनी मात्र सांगून ठेवलं होतं, सुरुवातीची प्रकरणं ऐकू, पसंत पडली तर पुढे. नाहीतर आमच्याच धंद्यातली ‘मधाची बाटली’ तयारच होती. हे नाव मी ठेवलंय. तिचा आवाज खरंच गोड आहे आणि मला ती अजिबात आवडत नाही.

भुताच्या कादंबरीत शब्द कमी आणि शांतता जास्त, ही माझी पंचाईत. जाहिरातीत मागे संगीत ढणढणत असतं, तिथे पोटाने भाषण ठोकलं तरी खपून जातं. इथे प्रत्येक परिच्छेदाला कोणीतरी श्वास रोखतं, आणि श्वास रोखला की माझं आतडं संधी साधतं.

मी खुर्ची बदलायला लावली. एसी बंद करायला लावला आणि आम्ही दोघं घामाने निथळलो. मग वरच्या मजल्याच्या पाइपावर संशय घेतला. प्लंबरने भिंतीला कान लावला, बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला आणि म्हणाला, “भिंतीत काही नाही. पण मघाशी तुम्ही शेजारी उभ्या होतात तेव्हा ऐकू आलं.” त्याला मी चहासुद्धा विचारला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात मी तरबेज आहे, पण संन्याशाने असं उलट बोट दाखवू नये.

त्या रविवारी नणंदबाई आल्या. नवऱ्याची थोरली बहीण, इस्पितळात आहारतज्ज्ञ. समोरचा प्रत्येक माणूस खाटेवर पडलेला आहे असं धरूनच त्या बोलतात.

“ताई, माझी एक मैत्रीण आहे,” मी सुरुवात केली. “तिचं पोट हल्ली फार गुरगुरतं.”

“आणि ती मैत्रीण आत्ता माझ्यासमोर पोटावर उशी दाबून बसलीये,” ताई म्हणाल्या. “पर्स आण.”

पर्स टेबलावर उपडी झाली. घशाच्या गोळ्यांचा डबा, च्युइंगम, खोकल्याचं औषध. सगळं बिनसाखरेचं. त्यात माझी काही चूक नाही. आमच्या धंद्यात साखर चालत नाही. साखरेने लाळ चिकट होते आणि जीभ टाळूवरून सुटताना होणारी टिचकी माइक मोठ्या हौसेने टिपतो. म्हणून आम्ही सगळे शुगर-फ्री गोळ्या चघळतो. जाहिरातीच्या दिवशी एखादी पुरते. पुस्तक दिवसभर चालतं, तेव्हा डबा हाताशीच होता आणि घशापेक्षा मनालाच तो जास्त हवा होता.

ताईंनी चष्मा लावला. “हे बघ, सॉर्बिटॉल. गममध्ये पुन्हा तेच, वर झायलिटॉल. औषधात माल्टिटॉल. वा! एकही सोडलं नाहीस. हे शुगर अल्कोहोल, कळलं?”

“अल्कोहोल?” नवरा पेपरातून बाहेर आला. “म्हणजे ही दिवसभर पिऊन वाचते?”

“तू गप रे. दारू नाही आणि साखरही नाही, नावाला मात्र दोन्ही. हे पोटात नीट शोषलं जात नाही. तसंच खाली मोठ्या आतड्यात जातं, पाणी ओढून घेतं, आणि तिथले जंतू त्यावर ताव मारतात. मग गॅस, मग गुरगुर. इतरांना थोडंफार पचतं. हिचा कोठा पहिल्यापासून हलका.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “एका गोळीने काही होत नाही गं. पण गोळी, गम, औषध, सगळ्यांची दिवसाची बेरीज होते. आधी सगळं बंद कर. पोट शांत झालं की एकेक परत घेऊन बघ, काय किती सोसतं ते. वेष्टणावर ‘टॉल’ने संपणारं काही दिसलं की सावध. त्यातलं एरिथ्रिटॉल बऱ्याच जणांना सोसतं, पण तोही प्रयोग सुट्टीच्या दिवशी करायचा. माइकसमोर नाही.”

मी तिथल्या तिथे डबा नवऱ्याला देऊन टाकला आणि सोमवारी फुशारक्या मारत बूथमध्ये शिरले. गोळ्या गेल्या, तर तोंड स्वच्छ ठेवायला काहीतरी हवंच. त्यावर आमच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला तोडगा आहे, आंबट हिरवं सफरचंद. एक फोड चावली की जीभ लख्ख. एरवी मी एखादी फोड खायची. त्या दिवशी गोळ्यांची उणीव भरून काढायची म्हणून पिशवीभर घेऊन बसले आणि दर पानाला खात सुटले. फळ ते फळ, त्याला कोण भितंय!

दुपारी चौथं प्रकरण आलं. “जिन्यावर पाऊल वाजलं,” मी वाचलं. पुढे जे वाजलं ते पाऊल नव्हतं. रेकॉर्डिस्टच्या टेबलावरचे आवाज मोजणारे काटे लाल रेघेपर्यंत गेले. तो बिचारा छताकडे बघत राहिला.

मी जिन्यात जाऊन ताईंना फोन केला. “सफरचंद?” त्या कडाडल्या. “अगं, सफरचंदात सॉर्बिटॉल जन्मतःच असतं! नासपतीत असतं, आलुबुखारात असतं. गोळी सोडलीस आणि झाडच धरलंस?”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“सफरचंदं पर्समध्ये नव्हती!”

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. त्या रात्री मी कुशीवर कुशी बदलत सगळ्या फळबागांना शाप दिले. दुसऱ्या दिवसापासून साधा भात, उकडलेलं गाजर आणि घोट घोट पाणी. दोन-तीन दिवसांत पोट असं गप झालं की मलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं. सहाव्या प्रकरणापासून शांतता म्हणजे शांतता. सुरुवातीची प्रकरणं पुन्हा वाचून टाकू असं आमचं ठरलं होतं, तेवढ्यात घाई झालेल्या प्रकाशिका बाई न कापलेलंच रेकॉर्डिंग घेऊन गेल्या. दोन दिवसांनी निरोप आला, लेखकाला भेटायला तुम्ही आणि रेकॉर्डिस्ट, दोघांनी माझ्या ऑफिसात या.

माझ्या पोटात गोळा आला. या वेळी नुसता भीतीचा.

लेखक बारीक चणीचे, मफलर गुंडाळलेले गृहस्थ निघाले. त्यांनी मला नमस्कार केला आणि तडक रेकॉर्डिस्टचे हात धरले. “तो आवाज! ते घर जे गुरगुरतं ना, ते तुम्ही कसं केलंत?”

रेकॉर्डिस्टने माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा पाहून तो म्हणाला, “बादली.”

“बादली?”

“बादली, पाणी आणि रबरी हातमोजा.”

“दाखवा ना!”

मोरीतून बादली आली. भांडी घासायचा हातमोजा आला. हा पन्नाशीचा माणूस गुडघ्यांवर बसला, हातमोजा फुगवला, पाण्यात दाबला. बुडुक् झालं. पुन्हा दाबला. पुन्हा बुडुक्. लेखकांची मान हलली, “हे नाही.” त्याने बाह्या सरसावल्या, बादली तिरकी केली, पाणी सांडलं.

प्रकाशिका बाईंचा आवाज बदलला. “खरं सांगा, कुठून उचललाय का? दुसऱ्याचा आवाज चोरून आमच्या पुस्तकात घातला असेल तर यापुढे तुमच्याकडे काम देणं मला जमणार नाही.”

“नाही हो, होईल, पाणी जरा थंड आहे,” तो म्हणाला आणि पुन्हा वाकला.

खरं सांगितलं की मधाची बाटली येणार, हे मला दिसत होतं. पोटाने बोलणाऱ्या बाईला भुताचं काय, पाककृतीचंही पुस्तक कोणी देणार नाही. मुखपृष्ठावरचं नाव मी इतक्या वेळा मनात वाचलं होतं की ते आधीच छापल्यासारखं वाटायचं. पण त्या माणसाची विजार गुडघ्यांपर्यंत भिजली होती आणि तो अजूनही माझ्याकडे बघत नव्हता, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. मला इतकी लाज पोट वाजल्यावरही वाटली नव्हती.

“ते माझं पोट आहे,” मी म्हणाले.

हातमोज्यातली उरलीसुरली हवा तेवढ्यात सुटली. मग मी सगळं सांगून टाकलं, गोळ्या, गम, सफरचंदं, प्लंबरसकट. प्रकाशिका बाईंनी तोंडावर फाइल धरली, पण खांदे हलत होते.

लेखक हसले नाहीत. “मी लिहिलंय ते घर,” ते म्हणाले, “आणि काल ऐकताना उठून दिवा लावला मी.” आवाजाचं काम करायला लागल्यापासून इतकं चांगलं मला कोणी बोललं नव्हतं. मग ते पुढे झुकले. “पण सहाव्या प्रकरणापासून घर गप्पच आहे. पुन्हा जमेल?”

जमलं असतं. कसं जमतं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आणि काम देणाऱ्याला मी जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं.

“नाही,” मी म्हणाले. “त्या पोटाने मला आडवं केलं होतं. आता ते बरं झालंय आणि बरंच राहणार आहे. जेवढं रेकॉर्ड झालंय तेवढं हवं तिथे जोडून घ्या. वाचायला मी हवी असेन तर आहे. नसेन तर आत्ताच सांगा.”

प्रकाशिका बाईंनी फाइल खाली ठेवली. “वाचायला तुम्हीच,” त्या म्हणाल्या. “पण त्या आवाजाला नाव कोणाचं द्यायचं? रेकॉर्डिस्टचं घालू?”

“माझा काय संबंध?” तो हातमोजा पिळत म्हणाला.

“माझंच घाला,” मी म्हणाले. हे बोलताना आवाज जरा चढला, पण चढू दिला.

पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर ‘वाचन आणि इतर आवाज’ असं लिहून पुढे माझं पूर्ण नाव आहे, आडनावासकट. ओळखीचे लोक ते बघतात आणि विचारतात, इतर म्हणजे कोणते? मी सांगते.