पाट्यावर मोडलेली धार

मित्रांनो, जुन्या शस्त्रांच्या तोंडून तुम्ही पराक्रमाच्या गोष्टी ऐकल्या असतील. माझ्याकडे तसली गोष्ट नाही. मी एक थकलेला पट्टा आहे आणि सोलापुरातल्या एका गिरणीच्या चाळीत सरपणाच्या ढिगामागे पडून आहे. मी लढाई कधी पाहिली नाही. जन्मभर मी लिंबे कापली. आणि एकदाच, नको तिथे, माणसाचा हात कापला.

पट्टा म्हणजे काय, हेही आता मुलांना सांगावे लागते. माझे पाते लांब आणि लवचीक आहे. मुठीच्या जागी लोखंडी खोबळा आहे. त्यात हात पार कोपरापर्यंत जातो आणि आतली आडवी पकड धरावी लागते. त्यामुळे मला नुसते मनगटाने फिरवता येत नाही. पाय, कंबर, खांदा असे सगळे अंग फिरले तरच मी फिरतो. आळशाच्या हातात मी नुसता पत्रा आहे.

अक्कलकोटकडच्या एका लोहाराने मला घडवले आणि फिरत फिरत मी सोलापुरातल्या एका तालमीत आलो. तिथे पुष्कळ हात माझ्या खोबळ्यात आले नि गेले. पण मला माझा वाटला तो एकच हात, महिपतीचा.

महिपती मूळचा माळशिरसकडचा. रानात भावांची दाटी झाली, तसा मिसरूड फुटायच्या वयात तो सोलापूरला आला आणि गिरणीच्या साचेखात्यात मागावर उभा राहिला. पहाटे तालीम आणि मग गिरणीचा भोंगा, असे त्याचे आयुष्य गेले. लाठी शिकला, पट्टा शिकला, आणि पुढे त्याच तालमीचा वस्ताद झाला. मी सांगतो आहे ती हकिगत त्याने पन्नाशी ओलांडल्यानंतरची आहे.

पन्नाशीनंतरची मेहनत ही मोठी अवघड गोष्ट असते, मित्रांनो. तरुणाचे अंग हाक मारली की उठते. उतारवयातले अंग म्हणजे रुसलेला जावई. त्याची समजूत काढावी लागते, तेल लावावे लागते, आणि तरीही ते आपल्याच मर्जीने उठते. महिपती पहाटे तालमीत यायचा तेव्हा त्याचा उजवा गुडघा कुरकुरत असे. तो आधी सावकाश सांधे मोकळे करी, मग थोड्या बैठका, थोडे जोर. पोरे घामाने निथळून मोकळी व्हायची, तरी याचे अंग अजून गरम होतच असे. जोर त्याने कमी केले, पण चुकवले कधी नाहीत. पोरांना तो सांगायचा, "जोर कमी केला तर चालतंय. खाडा केला की अंग इसरतंय." मग मला हातात चढवायचा. थकलेला असायचा, मला कळायचे. पण वार अजून जिथल्या तिथे थांबायचा.

वार थांबवणे हीच आमच्या तालमीची विद्या होती. दसऱ्याला सोने लुटून माणसे परतली की तालमीच्या अंगणात वस्तादाने लिंबू कापायचे. ते लिंबू पाटावर नसे, जोडीदाराच्या उघड्या तळहातावर असे. लिंबाच्या दोन फोडी झाल्या आणि हाताला ओरखडा आला नाही, तर वस्ताद पुढच्या दसऱ्यापर्यंत वस्ताद. चुकला, तर त्याने पट्टा मारुतीपुढे ठेवायचा आणि पुन्हा त्या जागी उभे राहायचे नाही. महिपतीपुढे दरसाल हात धरायचा तो चन्नवीर. त्याच्याच खात्यातला, त्याच्याच वयाचा, कानडी वळणाचे मराठी बोलणारा. डोळे उघडे ठेवून, तोंडातले पान चघळत तो हात धरायचा.

या सगळ्याची धास्ती घेतली होती ती महिपतीच्या बायकोने, गोजरबाईने. गिरणीतून आल्यावर चहाची कपबशी धरताना नवऱ्याचा हात थरथरतो, हे तिने पाहिले होते. दिवसभर मागावर राबलेला हात संध्याकाळी थरथरायचाच. पण तिला त्या हाताखाली चन्नवीरचा तळहात दिसायचा. आता पुरे करा, असे ती सारखी म्हणायची. तो हसून टाळायचा.

खंडेनवमीच्या पूजेसाठी वस्ताद मला घरी नेत असे. आदल्या दिवशी तो स्वतः माझी धार लावायचा. नवमीला मला कुंकू लागले, फूल वाहिले, की दुसऱ्या दिवशीच्या लिंबापर्यंत माझ्या धारेला हात लावायचा नाही आणि मला फिरवून बघायचे नाही. पुजलेल्या हत्याराची परीक्षा घेणे म्हणजे देवावर संशय घेणे, असे ही माणसे मानत.

त्या वर्षी नवमीच्या दुपारी महिपती तालमीतल्या लाठ्यांची पूजा करायला गेला. गोजरबाई एकटी होती. तिने देवापुढून मला उचलले, मोरीजवळच्या पाट्यावर आडवे धरले आणि ज्या दगडावर ती रोज चटणी वाटायची, त्यावर माझी धार खरखर घासून मोडून टाकली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मग तिने मला पुसले, पुन्हा कुंकू लावले आणि होते तसे ठेवले. देवाची क्षमाही मागितली. मी लोखंड. ओरडणार कसा?

दसऱ्याला अंगण भरले होते. चन्नवीरने हात पुढे केला. महिपतीने पवित्रा घेतला. त्या क्षणी त्याचे अंग किती शांत होते ते माझ्याइतके कुणाला कळणार! वार नेहमीसारखाच उतरला, नेहमीसारखाच थांबायला निघाला. पण धार नसलेले पाते सालीत शिरलेच नाही. लिंबू चेपले, घरंगळले आणि मी त्याच्यावरून निसटून चन्नवीरच्या अंगठ्याच्या मुळाशी आदळलो. मोडून उरली होती तेवढी बोथट धारही हाताला पुरेशी होती. रक्त आले.

"बिडू, माराया," चन्नवीर हात मुठीत दाबून म्हणाला. सोडून दे, गड्या, असे त्याला कानडीत म्हणायचे होते. "लई लागलं न्हाय."

महिपतीने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने आपल्या हाताकडे पाहिले. मग खोबळा काढून मला मारुतीपुढे ठेवले आणि घरी निघून गेला.

नवा वस्ताद झाला जोतीराम, त्याच्याच हाताखाली तयार झालेला. रक्त लागलेला पट्टा तालमीत नको, म्हणून त्याने मला गोणपाटात गुंडाळून महिपतीच्या घरी पाठवून दिले. त्यामुळे पुढचे सगळे मला पाहावे लागले.

महिपतीने जोर सोडले, बैठका सोडल्या. पहाटे सवयीने जाग यायची, पण तो उंबऱ्यावर नुसता बसून राहायचा. चन्नवीर जखमेला फडके बांधून भेटायला आला, तर याने मान वर केली नाही. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली, सारी चाळ रिकामी झाली, हा गेला नाही. गुडघा आखडला, खांदे ओघळले, जिना चढताना धाप लागू लागली. माणूस म्हातारा व्हायला वर्षे लागतात म्हणतात. मी तर तो एका हिवाळ्यात होताना पाहिला. आणि गोजरबाई चुलीपुढून ते सारे बघत होती.

एका सकाळी भोंगा झाला तरी तो उठला नाही. म्हणाला, "गिरणी सोडतो आता. ह्या हाताचा भरवसा न्हाय. एकांदं पोरगं शेजारी उबं असंल, काय तरी हुईल."

गोजरबाई उठली. गोणपाट सोडून तिने मला त्याच्यापुढे ठेवले.

"हात गेला न्हाय तुमचा," ती म्हणाली. "धार म्या मोडली. नवमीच्या दुपारी, पाट्यावर."

त्याने माझ्या पात्यावरून अंगठा फिरवला. एकदा, आणि पुन्हा.

"बोथट इळी बोट कापती," तो हळूच म्हणाला. "रोज इळीवर बसणाऱ्या बाईला ह्ये ठावं न्हाय व्हय?"

"ठावं हुतं. त्या वक्ताला भ्याच लई हुतं. चन्नवीर भावजींचा हात तुटला असता, तर तुमी जगला नसता."

"मग आता काय जगतोय व्हय मी?"

खरे सांगतो, त्या दिवशी त्या घरात मी नसतो तर बरे झाले असते.

संध्याकाळी तो तालमीत गेला. धार बोथट होती, एवढेच त्याने सांगितले. कुणी केली ते सांगितले नाही. साहजिकच माणसे हसली. नाचता येईना अंगण वाकडे, असे कुणीतरी मागून म्हणाले. जोतीराम ओशाळला, पण रिवाज तो रिवाज. बायकोचे नाव घेतले असते तर कदाचित त्याचे ऐकले गेले असते. ते घेण्यापेक्षा त्याने हसू सोसले. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली तीच सर्वांत मोठी मेहनत होती.

दुसऱ्या पहाटे तो चाळीमागच्या मोकळ्या जागेत गेला. मनावरचे ओझे उतरले होते, पण अंग खरोखरच विसरले होते. मोजके जोर काढले आणि तो धापा टाकत मातीत बसला. जिची भीती होती ती दुर्बलता आता खोटी राहिली नव्हती. पन्नाशीनंतर मोडलेली सवय पुन्हा जोडणे म्हणजे तुटलेला ताणा एकेक धागा धरून सांधण्यासारखे आहे. उन्हाळा गेला, पाऊस गेला. गुडघा पूर्वीसारखा झालाच नाही. त्याने पवित्रा बदलला, पाऊल आखूड केले, आणि वार पुन्हा जागेवर आणला. गोजरबाई पहाटे उठून तेल गरम करून द्यायची. पुरे करा, हा शब्द तिने पुन्हा काढला नाही.

पुन्हा दसरा आला. नवमीआधी महिपतीने माझी धार पुन्हा लावली होती. सारी माणसे तालमीकडे गेली. चन्नवीर मात्र लिंबू घेऊन घरी आला आणि सवयीने हात पुढे करू लागला. गोजरबाईने त्याच्या हातातले लिंबू काढून घेतले.

"तुमचा न्हाय, भावजी. ह्या खेपंला माजा."

महिपती नको म्हणाला. ती हलली नाही. शेवटी तो म्हणाला, "मग आदी धार बघ. तूच बघ."

पुजलेल्या हत्याराला हात लावायचा नसतो, हे तिघांनाही ठाऊक होते. तिने माझ्यावर अंगठा टेकवला. बारीक लाल रेघ उमटली. तिने मान डोलावली, लिंबू तळहातावर ठेवले आणि डोळे उघडे ठेवले.

त्याच्या खांद्यातला थकवा मला जाणवला, आणि त्या थकव्याखालचा जिवंत जोरही. वार उतरला आणि जिथे थांबायचा तिथे थांबला. दोन फोडी तिच्या हातावर अलगद उघडल्या. गोजरबाई अंगठ्याकडे बघत म्हणाली, "झोंबलं," आणि रडू लागली. ना टाळी वाजली, ना गुलाल उधळला. चन्नवीरने एक फोड उचलून चोखली.

पुढे शहरात इंग्रजांचा लष्करी कायदा आला तेव्हा शिपाई घरोघर हत्यारे शोधत फिरतील या धाकाने गोजरबाईनेच मला सरपणामागे लपवले. तेव्हापासून मी इथेच आहे. खोबळ्यावर गंज चढला आहे. महिपती साठीला टेकला. पहाटे तो अजून साधी काठी घेऊन मागच्या अंगणात जातो, आणि त्याच्या गुडघ्याची कुरकुर मला इथपर्यंत ऐकू येते. मीही दमलो आहे. वर्षातून एकदा, नवमीला, गोजरबाई मला बाहेर काढते, तेल लावते, आणि कुंकवाआधी धारेवर हलकेच अंगठा टेकवून बघते.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी थकत चालले असेल. त्यांना तेल गरम करून द्या, अंधारात वाट दाखवा. पण त्यांची फार माया आली, तर आधी पाट्यापासून दूर बसा.