रुमालाशिवाय वाजवलेली पाठवणी

लाउडस्पीकर भाड्यानं देणाऱ्या शिवमूर्तीला त्या चित्रीकरणातून रोख काहीच मिळायचं नव्हतं. तरी त्याची मांडणी पक्की होती. परभणीच्या शेतकी प्रदर्शनाचा बातमीपट काढायला मुंबईहून कॅमेरावाला येणार. बातमीपट टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाच्या आधी दाखवतात. आपले चार कर्णे, प्रत्येकाच्या तोंडावर लाल अक्षरांत 'शिवमूर्ती, परभणी'. म्हणजे मराठवाड्यात उपवर मुलींचे जेवढे बाप सिनेमाला जातील, तेवढे ते नाव वाचतील. खर्चाला एका दिवसाचं भाडं आणि चार माणसांची भजी.

अडचण एवढीच, की नुसत्या कर्ण्यांचं चित्र कोण घेणार? त्यांच्याखाली बघण्याजोगं काहीतरी पाहिजे. म्हणून शिवमूर्तीनं जिल्ह्यात कोणाला न जमलेली गोष्ट जमवली. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या चार बँडांमधला एकेक पट्टीचा वाजवणारा त्यानं एका मंचावर आणला, तोही एकाच दुपारपुरता. परभणीचा क्लारनेटवाला बन्सीधर, जिंतूरचा कॉर्नेटवाला, चारठाण्याचा ढोलवाला सटवाजी आणि पूर्ण्याचा सिताराम. एकाचा गणवेश दुसरा अंगाला लावीना, तेव्हा चौघांनाही पांढरे सदरे घालायला लावले. "मयतीला आल्यावानी दिसायलोत," सटवाजी म्हणाला, पण घातला.

सिताराम सगळ्यांत मोठा. पूर्ण्याच्या लोको शेडमध्ये फिटर आणि लग्नसराईत क्लारनेट. नवरी निघताना वाजवायची पाठवणीची चाल त्यानं स्वतः बांधलेली होती. ती ऐकून हुंड्यावरून रुसलेले वरबापसुद्धा डोळे पुसत. चालीत एक अवघड वळण होतं. ते आलं की सिताराम बोटांवर रुमाल टाकायचा. सुरावरून कोणी उचलू पाहील, पण बोटं दिसल्याशिवाय ते वळण हाती लागत नसे. बन्सीधर पंधरा वर्षं मान वाकडी करकरून थकला होता.

असा माणूस शिवमूर्तीच्या बोलावण्याला का आला? त्याचे दात हलायला लागले होते. डॉक्टरनं सगळे काढायला सांगितलेले, आणि दात गेले की क्लारनेट गेलं. सितारामनं दोन महिने लवंगेवर काढले. रात्री गाल धरून बसायचा, पण डॉक्टरकडं जायचा नाही.

"एकदा आवाज फिल्मात भरला, की खुशाल काढा म्हणंन," तो बायकोला, कुसुमबाईला, सांगायचा.

प्रदर्शनाच्या दिवशी शिवमूर्तीनं कॅमेरावाल्याला विचारलं, "साहेब, तुमच्या मशीनला माइकची वायर कुठं जोडू?"

"वायर नको. ही मुकी फिल्म आहे. आवाज मुंबईत चढवतात."

"ह्यांचाच?"

"कुठलाही. बरासा बघून."

शिवमूर्तीनं वायर गुंडाळून ठेवली. सांगावं, तर सिताराम उठून जाणार. सिताराम गेला की बाकीचे तिघं भांडणार आणि कर्णे नुसते आभाळाकडं बघत राहणार. तो गप्प बसला. माणूस लबाड नव्हता, एका दिवसाचं भाडं गुंतवलेला होता.

कॅमेरावाला म्हणाला, "त्या म्हाताऱ्यांना रुमाल काढायला सांगा. चित्रात बोटं पाहिजेत."

सितारामनं शिवमूर्तीकडं पाहिलं. आवाजातलं कळणारा तिथं तोच एक. "अप्पा, आवाज नीट भरंल ना?"

"तुमी वाजवा हो. बाकीची फिकीर माझी."

सितारामनं रुमाल खिशात घातला. तो असा वाजला, की कॉर्नेटवाला आपली जागा विसरला आणि भजीवाल्यानं घाणा जळू दिला. दुसऱ्याच दिवशी सितारामनं डॉक्टरपुढं तोंड उघडलं.

चार महिन्यांनी बातमीपट परभणीला लागला. दुपारच्या खेळाला सगळे हजर. आधी ज्वारीची कणसं, मग मंत्री, मग कर्णे. नाव स्वच्छ वाचता आलं. मग सितारामची बोटं, पडदाभर, आणि मागून सतार.

कुसुमबाई म्हणाली, "अवो, बोटं तुमची हायेत. हे कोण वाजवायलंय?"

बाहेर आल्यावर सिताराम बोळक्या तोंडानं एवढंच म्हणाला, "अप्पा, वायर तुमी जोडली नव्हती. मी पाह्यलं तवाच. म्हणलं, नवं मशीन असंल. तुमाला ठावं व्हतं?"

"व्हतं," शिवमूर्ती म्हणाला. खोटं बोलून आता फायदा नव्हता.

सितारामनं शिवी दिली नाही. पूर्ण्याला निघून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला आणि त्याच खेळाला एकटाच जाऊन बसला. स्वतःची बोटं आणखी एकदा बघायची होती. पुढच्या बाकावर बन्सीधर. नजर पडद्यावर, दहाही बोटं गुडघ्यावर पळताहेत. वळण आलं, तशी ती अडखळली.

सितारामनं मागून खांद्यावर हात ठेवला. बन्सीधर दचकला. "चोरी न्हाई दादा. तिकीट काढून बसलोय."

सितारामनं पुढं वाकून पडद्याकडं बोट केलं. मग म्हणाला, "बोटं दिसतेत. दम कुठं घ्यायचा ते दिसतंय का?"

"न्हाई."

"तोंडात दात नव्हते तरी मी काल रातभर वाजवली. नुसती हवा निघाली. चल भायेर."

सायकल स्टँडपाशी त्यानं बन्सीधरच्या बरगडीवर बोट ठेवून दमाची जागा दाखवली. बन्सीधरनं सायकलीला अडकवलेलं क्लारनेट काढून फुंकलं. चुकलं. सितारामनं कपाळाला हात लावला. "पुन्यांदा बोटं बघून ये. उद्या मीबी येतो." मग तिथूनच तो शिवमूर्तीच्या दुकानात गेला.

"अप्पा, बातमीपट अजून पाच दिवस हाय. तिकिटं तुमी काढायची."

"दोघांची?"

"मंग काय मी भायेर उभा राहून त्याच्या फासळ्या मोजू?"

शिवमूर्तीनं मनात आकडा मांडला, खोडला, आणि गल्ल्यात हात घातला.

पाच दिवस दोघं बातमीपट बघून सिनेमा सुरू व्हायच्या आत बाहेर येत. पैसे भरून सिनेमा न बघणारी अशी माणसं डोअरकीपरनं आजवर पाहिली नव्हती. पाचव्या दिवशी बन्सीधर वळणातून एका दमात पार झाला. सितारामनं डोळे मिटून ऐकलं, मग मान हलवली. "शेवटाला घाई करतूस. नवरी काय पळून चाललीय?"

बन्सीधरनं पुन्हा वाजवलं. या वेळी सायकलींवर टेकून उभी असलेली माणसं बोलायची थांबली.

शिवमूर्तीचा लग्नसराईचा धंदा त्या वर्षी वाढला, हे खरं आहे. दहा तिकिटं त्याची. चहा रोज बन्सीधरनं पाजला. सायकल स्टँडवाल्यानं जागेचं काही घेतलं नाही. सितारामनं चाल दिली.