दुसऱ्या मोंतेफ्रेद्दोची माणसं

माझा भाऊ ओलिंदो फेब्रुवारीत गेला. जायच्या आदल्या दिवशी त्याने मला एकच गोष्ट विचारली. "इर्मा, चर्च भरेल का गं?"

मी म्हटलं, "न भरायला काय झालं? मी भरवते बघ."

बोलून बसले. आमच्या मोंतेफ्रेद्दोत हिवाळ्यात अकरा माणसं उरतात, त्यातली सात घराबाहेर न पडू शकणारी. बाकीचं गाव कधीच खाली खोऱ्यात राहायला गेलं. ओलिंदोने तीस वर्षं गावचा वजनकाटा सांभाळला. गवताची गाडी असो की डुक्कर, किलोभर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. धर्मगुरूंच्या द्राक्षांनाही सवलत नाही. त्यामुळे खोऱ्यात त्याला ओळखत सगळे, पण नाव काढलं की तोंड वाकडं करत. तरीही आमच्याकडे माणूस गेला की लोक रुसवेफुगवे घरी ठेवून येतात. फक्त त्यांना कळायला हवं, आणि ते कळतं भिंतीवरच्या कागदावरून. काळी चौकट, नाव, वय, चर्च आणि वेळ, बस.

शवपेट्यांचं दुकान चालवणाऱ्या देल्मोला मी तीस कागद सांगितले.

"खोऱ्यातली एक भिंत सोडू नकोस," मी म्हटलं.

"इर्माताई, तुम्ही काळजीच सोडा." हा माणूस असं म्हणाला की मला काळजी सुरू होते.

शनिवारी तीन वाजता सान रोक्कोच्या चर्चमध्ये मी होते, बहिरा गास्पारे होता, त्याची बायको होती, आणि पेटी उचलायला देल्मोची चार माणसं. बर्फ नव्हता, रस्ता मोकळा होता, म्हणजे स्वतःची समजूत घालायलाही काही कारण नव्हतं. मी सारखी मान वळवून दाराकडे बघत होते. धर्मगुरूंना अजून दोन गावं उरकायची होती, ते घाईघाईत प्रार्थना म्हणत होते. मध्येच गास्पारे मोठ्याने म्हणाला, "बाकीचे कुठायत?" बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

मला फार लाज वाटली. ओलिंदोला दिलेला शब्द मी पाळला नव्हता. आणि त्याचा रागही आला. मेल्या, थोडं गोड बोलला असतास तर तुझा काटा मोडला असता का?

सोमवारी देल्मो दारात उभा राहिला, टोपी हातात धरून.

"इर्माताई, जरा घोळ झालाय."

"बोल."

"कागद लावणारा माणूस नवा आहे. त्याने फोनमध्ये मोंतेफ्रेद्दो टाकलं आणि फोन नेईल तिकडे गेला."

"कुठे?"

"दुसऱ्या मोंतेफ्रेद्दोला. पार खाली सपाटीवर, नदीकाठी."

ते गाव मला ऐकून माहीत होतं. मोंते म्हणजे डोंगर, तो नावात आहे, पण गावात उंच म्हणाल तर चर्चची पायरी. चर्चही सान रोक्कोचंच.

"मग तिथे कोण वाचणार होतं?"

देल्मोने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "साठेक माणसं जमली होती. पाच वाजेपर्यंत पेटीची वाट बघत बसली. सगळी जपमाळ ओढून झाली त्यांची. शेवटी तिथल्या धर्मगुरूंनी मला फोन केला, पेटी कुठे आहे म्हणून."

"ओळख ना पाळख, आणि साठ माणसं?"

"प्रत्येकाला वाटलं, दुसरा ओळखत असेल. हा कोण, असं आपण कसं विचारायचं? बरं दिसत नाही ना ते."

मी त्याला चहापाणीसुद्धा न विचारता दार लावलं. माझ्या भावाची माणसं त्या लोकांनी पळवली, असंच मला वाटत होतं. गुरुवारी दोन बस बदलून मी तिथे गेले ती सगळे कागद फाडून आणायला.

पहिला कागद कॉफीच्या दुकानाशेजारी होता. मी त्याचा कोपरा ओढला तोच आतून एक म्हातारी बाहेर आली.

"ए बाई! मेलेल्या माणसाचं नाव आहे त्यावर. हात लावू नकोस."

"माहितीये. माझा भाऊ आहे तो."

तिने ॲप्रनला हात पुसले, मला कवेत घेतलं आणि आत नेऊन बसवलं. तिचं नाव आदाल्जिसा. दुकान तिचंच. कॉफीत न विचारता दारूचा थेंब घालून तिने कप माझ्यापुढे ठेवला.

"ओलिंदो," ती उसासा टाकत म्हणाली. "फार गुणी माणूस."

"तुम्ही ओळखत होता त्याला?"

"म्हणजे काय! जत्रेत माझ्याशी पोल्का नाचलाय तो. पाय काय हलके होते त्याचे!"

शेजारच्या टेबलावर तिघं म्हातारे पत्ते खेळत होते. त्यातला एक मान डोलावत म्हणाला, "आणि बोलणं किती गोड. कुणाला कधी दुखावलं नाही त्याने."

ओलिंदोचा डावा पाय जन्मापासून आखूड होता. तो उभ्या आयुष्यात नाचला नाही. गोड बोलण्याबद्दल तर न बोललेलंच बरं. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण तो गेल्यापासून त्याच्याबद्दल माझ्याशी कुणी एक वाक्य बोललं नव्हतं. घरी मी दोन ताटं वाढत होते आणि एक परत ठेवत होते. आणि इथे चार माणसं त्याचं नाव घेत होती, तेही प्रेमाने. मला उठवेना.

"हो," मी म्हटलं. "छान नाचायचा."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?"

"एकदा तर उजाडेपर्यंत नाचला," मी म्हटलं. "आईने शोधायला माणूस पाठवला होता."

सगळे हसले. मीही हसले. मग मी त्याच्या पोल्काबद्दल आणखी सांगितलं, त्याने गायलेल्या गाण्यांबद्दल सांगितलं. कॉफी गार झाली तेव्हा आदाल्जिसाने मला दुसरी आणून दिली. मग ती समोर बसली आणि माझ्याकडे नीट बघायला लागली.

"पण काय गं, शनिवारी तू कुठे होतीस? सगळं गाव आलं होतं. सख्खी बहीण आणि चर्चमध्ये नाही?"

पत्ते खेळणारे थांबले.

"मी त्याच्याजवळ होते," मी म्हणाले. "तिथे कुणीच नव्हतं."