घोडी लावायची राहिली

सासरे गेल्यापासून त्यांची गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली चादर पांघरून उभी होती. सासूबाई ती चादर अधूनमधून धुवायच्या आणि वाळली की पुन्हा घालायच्या. गाडीला हात लावायची कुणाला सोय नव्हती.

सुनेला मात्र गाडी हवी होती. गावाबाहेरच्या एका प्रयोगशाळेत तिला नोकरी मिळत होती आणि तिकडे बस जात नव्हती. नवरा ट्रक घेऊन निघाला की आठवडेच्या आठवडे त्याचं तोंड दिसायचं नाही. मागे दोघी बायका, तीन खोल्या आणि त्याच त्या भिंती. घरातला पंखा, इस्त्री, नळ सूनच दुरुस्त करायची, म्हणून सासूबाईंनी तिचं नाव मिस्त्रीण ठेवलं होतं. त्यात कौतुक फारसं नव्हतं. तिनं गाडीवरची चादर काढली तेव्हा त्या म्हणाल्या, "कर तुला काय करायचंय ते." तेव्हापासून दोघींत अबोला होता.

गाडीचा सायलेन्सर खाली लोंबत होता. मिस्त्रिणीनं मागच्या चाकांना दगड लावले, जॅकनं पुढची बाजू उचलली, चाक काढलं आणि ते गाडीच्या कडेखाली आडवं सरकवलं. आता शेजारी लोखंडी घोडी लावायची, गाडी तिच्यावर टेकवायची आणि मगच खाली जायचं, हे तिला चांगलं माहीत होतं. जॅक गाडी उचलतो, पण त्याच्या भरवशावर गाडीखाली कुणी जात नाही. घोडी तिनं मुद्दाम विकत आणली होती, ती हाताशीच होती. पण बोल्ट कितपत गंजलाय ते आधी बघून घेऊ, असं म्हणून ती पाठीवर सरकत आत गेली. बोल्टला पाना लागला. लागलाच आहे तर एक हिसका देऊन बघू, म्हणून तिनं दिला.

जॅक कलंडला. गाडी धपकन खाली आली आणि त्या आडव्या चाकावर अडकली. चाकामुळे मिस्त्रीण वाचली, पण खालची लोखंडी पट्टी छातीवर टेकली आणि डावा हात अंगाखाली मुडपला गेला. श्वास अर्धाच आत जायचा. ओरडायला गेली तर आवाजाऐवजी नुसती फुंकर बाहेर पडली.

उजव्या हातात पाना होता. तो ती सायलेन्सरवर आपटू लागली. ठण, ठण, ठण. थोड्या वेळानं स्वयंपाकघराची खिडकी करकरली आणि धाडकन बंद झाली. सासूबाईंना आवाजाचा त्रास होत होता.

ती आपटत राहिली. डोळ्यांवर गंजाची भुकटी पडत होती. तेवढ्यात कानाजवळ बारीक सूं सूं ऐकू आलं. आडव्या चाकातली हवा जात होती. टायर जुना होता, सासऱ्यांच्या वेळचा.

शेवटी दार उघडलं. "किती बडवशील? डोकं उठलं माझं," सासूबाई म्हणाल्या. गाडीबाहेर आलेले पाय तेवढे त्यांना दिसत होते. पाय हलत नव्हते. त्या जवळ आल्या, गुडघे धरून कशाबशा वाकल्या आणि मग सरळ फरशीवर आडव्या झाल्या.

"अगं बाई गं."

"आई, फोन," ती म्हणाली.

त्या आत जाऊन फोन करून आल्या. "आगीचा बंब निघालाय म्हणे. पण रेल्वे फाटकापलीकडून यायचाय. गल्लीत कुणी नाही, सगळे कामावर."

"तोवर टायर बसेल. तुम्हालाच उचलावी लागेल."

"मला? तुझ्या सासऱ्यांनी त्या जॅकचा दांडा कधी हातात नाही दिला."

"मी सांगते."

जॅक बाहेरच्या बाजूलाच पडला होता. तिनं सांगितलं तसा त्यांनी तो गाडीच्या कडेखाली उभा केला आणि दांडा फिरवू लागल्या. छातीवरचा भार बोटभर हलका झाला. मग मिस्त्रिणीला जॅक दिसला. तो तिरका होत चालला होता.

"थांबा. कलतोय. पुन्हा खाली घ्या."

"तुझ्या अंगावर?"

"हो. सावकाश."

"माझ्यानं नाही व्हायचं ते."

"आई, घसरला तर एकदम येईल."

सासूबाई रडत होत्या, पण त्यांनी दांडा उलटा फिरवला. पट्टी पुन्हा छातीवर आली, पहिल्यापेक्षा खोल. तिला वाटलं, आता छातीत उरलेली हवाही गेली.

"खाली... जाड फळी," तिच्या तोंडून निघालं.

त्या गुडघ्यांचं दुखणं विसरून आत धावल्या आणि भाजी चिरायची फळी घेऊन आल्या. फळीवर जॅक नीट सरळ बसवला. पुन्हा फिरवायला लागल्या, या वेळी डोळे जॅकवरून न हलवता. गाडी वर गेली. मिस्त्रीण सरकू लागली, तर सासूबाईंनी तिचा घोटा दाबून धरला.

"हलू नकोस. आधी ती घोडी."

त्यांनीच घोडी आत सरकवली, तिच्यावर गाडी टेकवली, हातानं ढकलून पाहिली आणि मग पाय धरून सुनेला बाहेर ओढलं. दोघी फरशीवर तशाच पडून राहिल्या. बंब आला तेव्हा सासूबाई तिच्या केसांतला गंज काढत होत्या.

दोन बरगड्यांना चीर गेली होती. ती बरी होईपर्यंत नोकरीची जागा भरली गेली. नवऱ्याचा फोन आला, "ते डबडं विकून टाका." सासूबाईंनी फोन तिच्या हातून घेतला. "गाडी माझी आहे," त्या म्हणाल्या, "आणि ती चालू करायची आहे. तू तुझा ट्रक सांभाळ."

मेकॅनिक येऊन सायलेन्सर बसवून गेला. पण मिस्त्रिणीला पुढे बरेच दिवस पाठीवर झोपता येईना, अंगावर पांघरूणही नको व्हायचं. ती गाडीत जाऊन बसायची, चारही दारं सताड उघडी टाकून. कधीकधी सासूबाई येऊन शेजारच्या सीटवर बसत. सासरे गेल्यापासून त्या पहिल्यांदाच गाडीत बसत होत्या. किल्ली लावलेली असायची, ती फिरवायची घाई दोघींनाही नव्हती.