मागच्या सीटखालचं पेट्रोल

मी अंगदची पांढरी गाडी बोलतेय. आज माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. कित्येक महिने मी पोटात पेट्रोलचा वास घेऊन फिरले आणि त्याचा दोष घरातल्या माणसांनी एका चार वर्षांच्या पोरीवर टाकला. तो राग अजून उतरलेला नाही.

माझे पहिले मालक रामनिवासजी, जालन्यातले बियाण्यांचे व्यापारी. माणूस तापट, पण माझ्यात कुठं काही खडखडलं की गाडी बाजूला घेऊन आधी कान देऊन ऐकायचे. पुढं त्यांच्या घरी मोठी गाडी आली आणि मी अंगदकडं आले. अंगद एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात सुपरवायझर. माणूस वाईट नाही, पण त्याला सदा घाई. ऐकायचं काम त्याला जमलंच नाही.

एका लग्नाला निघालो आणि टेंभुर्णीच्या रस्त्यावर माझा पेट्रोलचा पंप बंद पडला. पंप असतो मागच्या सीटखाली, टाकीच्या तोंडावर. टेंभुर्णीच्या भागवत मिस्त्रीनं सीट उचलून नवा पंप बसवायला घेतला. पंपाच्या झाकणाखाली रबराची एक रिंग असते. तिच्यामुळंच पेट्रोल आणि त्याची वाफ टाकीत राहते. जुनी रिंग फुगून सैल झाली होती.

"ही आता बराबर बसत न्हाई," भागवत म्हणाला. "जाफ्राबादहून नवी आणतो. थोडं थांबा."

"जुनीच बसव. तिकडं अक्षता पडून राह्यल्या असतील."

"वास मारंल, दादा."

"मारू दे. नंतर पाहू."

आणि भागवतनं बसवली. त्याला ठाऊक होतं, तरी बसवली. त्या दोघांवरही मी सारखीच चिडले आहे.

ते 'नंतर' काही आलं नाही. टाकी अर्धी असली की वास कमी यायचा. काठोकाठ भरली आणि वळणावर पेट्रोल हिंदकळलं की रिंगेच्या फटीतून वर यायचं. अंगद पुढं, खिडकी उघडी टाकून बसायचा. मागं त्याची बायको अर्पिता आणि मुलगी पायल, दोघी अगदी त्या झाकणावर. पायलला मळमळायचं, ती ओकायची. अर्पिताचं डोकं ठणकायचं.

"अहो, गाडीत पेट्रोलचा वास येऊन राह्यला," ती म्हणायची.

"गाडी पेट्रोलवर चालती. मंग काय गुलाबाचा वास येईल?"

त्यानं उपाय काय केला, तर आरशाला अत्तराची बाटली लटकवली. वर अत्तर, खाली पेट्रोल. पायलला आणखीच त्रास व्हायला लागला. मग अंगदची आई, पुष्पाबाई, हिनं निकाल दिला: "पोरीला गाडी लागती. आईनं लाडावून ठेवलं, दुसरं काय." हळूहळू सगळं घर तेच म्हणू लागलं. आणि ती पोर गाडीत बसण्याआधी माफी मागू लागली, "आज न्हाई ओकणार मी." हे ऐकताना मला हॉर्नसुद्धा वाजवता आला नाही. माणसांनी मला हॉर्न दिला, तोही त्यांनी दाबल्याशिवाय वाजत नाही.

दसऱ्याला आम्ही टेंभुर्णीला, अंगदच्या आईकडं गेलो. निघताना अंगदनं टाकी फुल केली. काचा वर करून एसी लावला. रस्त्यात पायल ओकली, मग निपचित पडून राहिली. दारात पोचलो तर पुष्पाबाई हार आणि आरतीचं ताट घेऊन उभीच. माझ्या बॉनेटवर तिनं स्वस्तिक काढलं, हार घातला. मग पेटता दिवा घेऊन ती पुढच्या दाराशी आली. स्टेअरिंगला ओवाळायचं होतं तिला.

अर्पिता पायलला कडेवर घेऊन मधे उभी राहिली.

"आत्याबाई, दिवा आत न्यायचा न्हाई."

"सणाच्या दिवशी असं बोलतेस?"

अंगद म्हणाला, "अर्पिता, बाजूला हो. लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. पायलला शेजारच्या नंदाबाईकडं दिलं, माझी चारही दारं सताड उघडली आणि मागची सीट दोन्ही हातांनी उपटून काढली. खालचं पत्र्याचं झाकण ओलं होतं. भोवतीच्या खळग्यात पेट्रोल साचून चमकत होतं.

वास अंगणभर पसरला. पुष्पाबाई ताट घेऊन मागं सरली, पार ओसरीपर्यंत, आणि तिथं फुंकर मारून दिवा विझवला. मग अंगदला म्हणाली, "लेकराला ह्याच्यावर बसवत होतास तू?"



मला कुणी चालू केलं नाही. ढकलत उघड्यावर नेलं. भागवत आला, आधी बॅटरीची तार काढली, साचलेलं पेट्रोल फडक्यानं टिपलं, जुनी रिंग फेकून नवी बसवली. अर्पितानं त्याला तेवढ्यावर जाऊ दिलं नाही. टाकी पुन्हा काठोकाठ भरायला लावली, काचा बंद करून मला उन्हात उभं केलं, आणि नंतर स्वतः आत डोकं घालून वास घेतला. रबराचा वास होता, पेट्रोलचा नव्हता.

"झालं ना आता," अंगद म्हणाला. "विषय संपला."

संपला नाही. माझ्या बाजूनं तर मुळीच नाही. मागच्या सीटवरचं माणूस सांगतं, की वास येतोय. पुढं बसलेल्याला येत नाही, म्हणून ते माणूस खोटं कसं ठरतं? तुमच्या गाडीत वास आला तर अत्तर आणू नका. गाडी थांबवा, खाली उतरा, सीट उचला, गाडी आगीपासून दूर ठेवा. आम्ही गाड्या वासाशिवाय दुसऱ्या कशानं सांगणार?

मी आता ठणठणीत आहे. जालना ते टेंभुर्णी, एक थेंब गळत नाही. पण पायल दारापाशी येऊन थांबते, नाकावर तळहात ठेवते आणि आईकडं बघते. अर्पिता आत वाकून वास घेते, "न्हाई येत," म्हणते. मग पायल चढते, आणि रस्ता संपेपर्यंत तळहात नाकावरून काढत नाही.