तीन हात कमी पडलेली वायर

मी एक जुनी नेटची वायर आहे. नावाला एक, पण माझ्या निळ्या सालीच्या आत आठ बारीक तारा आहेत. मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवते, कारण तेच कोणी ध्यानात घेत नाही.

सेनगावच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी सहा वर्षं राबले. सर माझं कौतुक करायचे. वायरीला प्लग बसवायला त्यांची विद्यार्थिनी पल्लवी माझ्याच टोकावर शिकली. पुढे क्लास बंद पडला आणि मी वर्षभर पोत्यात धूळ खात पडले. शेवटी पल्लवीनेच मला घरी नेलं. घरी बसून करायच्या एका नोकरीसाठी तिची सोमवारी अकराला मुलाखत होती. कॉम्प्युटरवरूनच, आणि अट एकच, नेट वायरीचं हवं.

नेटचा डबा समोरच्या खोलीत, कॉम्प्युटर मागच्या. मला ओढायचं काम तिच्या वडिलांनी, जळबांनी, अंगावर घेतलं. गावभरच्या विहिरींवरच्या मोटारींच्या वायरी जोडणारा माणूस! पण मोजायचं नाव नाही. मी भिंतीभिंतीने गेले आणि तीन हात कमी पडले. जळबांनी सरळ माझा प्लग छाटला आणि माझ्या नि त्याच्या मध्ये मोटारीच्या वायरीचा तुकडा घातला. तिच्यात तारा तीन, माझ्यात आठ! त्यांनी माझ्या आठांचे तीन पिळे केले आणि वरून काळा टेप गुंडाळला.

"वावरात पाच हॉर्सची मोटार चालते ह्याच्यावर. तुमचं नेट काहून चालणार न्हाई?"

चालणार कसं, कपाळ माझं! सोमवारचे साडेदहा झाले तरी डब्यावरचा दिवा लागेना. जळबांनी डबा तीनदा बंद-चालू केला, मग मलाच हिसके दिले. "जुनीच हाय. मेली असंल," म्हणाले. असा संताप झाला माझा! पण बोलता कुठे येतं?

पल्लवीने टेप सोडला आणि डोक्याला हात लावला. "बाबा, हरेकीचं काम येगळं असतंय. तुमी तर आठींना एकाच दावणीला बांधलं."

तिच्याजवळ प्लग एकच उरला होता. तो चुकला असता तर मुलाखत गेलीच होती. तिने मोटारीचा तुकडा कापून टाकला, माझ्या रंगीत तारा ओळीने लावल्या आणि चिमट्याने प्लग दाबला. आता मी फक्त मधल्या स्वयंपाकघरापर्यंत पुरत होते. जळबांनी कॉम्प्युटरचं टेबल तिथे आणलं, मध्येच शिटी नको म्हणून शेगडीवरचा कुकर उतरवला आणि दारात माझ्याशेजारी उकिडवे बसले. दिवा लागला तेव्हा अकराला दोन मिनिटं कमी होती.

मुलाखत चालू असताना शेजारचे ग्यानोबा पाना मागायला आले. त्यांचा पाय माझ्यावर पडणार, तोच जळबांनी तो वरच्यावर धरला.

"बघून, भाऊ," ते हळूच म्हणाले. "साधी वायर न्हाई ही. आठ जणी हायेत आत."

पल्लवीला नोकरी लागली. नवी वायर आणायचं मात्र जळबा रोज विसरतात, आणि टेबल अजून स्वयंपाकघरातच आहे. मित्रांनो, आधी मोजा, मग ओढा. आणि मला मेली म्हणण्याआधी एकदा साल सोलून बघा. मी जिवंतच होते.