पायाशी ठेवलेली गोधडी

मी एक गोधडी. जिच्यासाठी मला शिवलं तिनंच मला आधी नको म्हटलं होतं, म्हणून माझी हकीकत थोडी वेगळी आहे.

वाचनालयामागच्या खोलीत एका लांब टेबलावर माझा जन्म झाला. तिथं दर शनिवारी काही बायका आणि एक म्हातारे टेलरकाका जमतात आणि इस्पितळातल्या आजारी मुलांसाठी गोधड्या शिवतात. मला शिवलं कंडक्टरकाकूंनी. त्यांचं उभं आयुष्य बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेलं. अजूनही टेबलाशी गर्दी झाली की त्यांच्या तोंडून आपसूक निघतं, "चला, पुढे सरका." मग सगळे हसतात आणि खरंच सरकतात.

वॉर्डातल्या सिस्टर फोनवर सांगायच्या, कोणत्या मुलाला काय आवडतं. माझ्या वेळी त्या म्हणाल्या, "नऊ वर्षांची मुलगी आहे. रक्ताचा कॅन्सर. वडील क्रेन चालवतात, तर हिलाही क्रेनचंच वेड."

टेलरकाकांनी पिवळ्या कापडाची क्रेन कापून दिली. काकूंनी ती माझ्या निळ्या तुकड्यांवर बसवली. त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही, त्यामुळे माझ्या एका कोपऱ्यातले टाके वाकडे गेलेत. कुणीतरी उसवायला घेतलं तर काकू म्हणाल्या, "राहू दे. पांघरणार आहे ती, टाके मोजणार नाहीये."

एका दुपारी त्या मला वॉर्डात घेऊन गेल्या. मुलगी खिडकीजवळच्या खाटेवर होती. डोक्यावर एक केस नव्हता. क्रेन दिसली तशी तिची नजर जरा रेंगाळली. मग तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मला नको."

"असं बोलू नये गं," आई ओशाळून म्हणाली. "काकूंनी तुझ्यासाठी शिवलीय."

"माशांची गोधडी शेजारच्या दादाला दिली, तो मेला. त्याच्याआधी त्या छोटीला दिली, तीपण मेली. ही दिली की मुलं मरतात."

खाटेशी उभ्या असलेल्या वडिलांनी मला उचलून काकूंच्या हातात ठेवलं. "तुम्ही परत न्या ही," एवढंच बोलले.

पुढच्या शनिवारी मी टेबलावर तशीच पडून होते. टेलरकाका म्हणाले, "पोर घाबरलंय. मनावर घेऊ नका."

"ती चुकीचं बोलली नाही हो," काकू म्हणाल्या. "आपले हात थोडे, म्हणून आपण सिस्टरना विचारतो, सगळ्यात जास्त आजारी कोण? आणि त्यांनाच आधी देतो. तिनं जे पाहिलं तेच सांगितलं."

सुया बाजूला ठेवून सगळे त्यावर बोलले. शेवटी ठरलं, यापुढे गोधड्या लहान करायच्या, पण वॉर्डातल्या प्रत्येक मुलाला द्यायच्या. पाय मोडून आलेल्यालाही.

हेच सांगायला काकू मला घेऊन पुन्हा त्या खाटेशी गेल्या. आधी कुणाला द्यायचे आणि आता काय ठरलंय, हे सगळं मुलीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी सगळ्यात जास्त आजारी आहे?"

काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी आईकडे पाहिलं. आई खाटेवर तिच्याजवळ सरकली. मग म्हणाली, "हो, बाळा. खूप आजारी आहेस."

"बाबा तर म्हणतात, रक्त जरा कमी झालंय."

दारात वडील उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला इथं यायला?" ते काकूंवर कडाडले. काकू मला खाटेवरच ठेवून मान खाली घालून निघून गेल्या. त्यानंतर त्या वॉर्डात कधी आल्या नाहीत.

वडील मला उचलायला गेले, तेव्हा मुलगी म्हणाली, "राहू दे. अंगावर नको. पायाशी ठेवा."

पायाशी राहून मी पुष्कळ ऐकलं. ती आता विचारायची, सुई कशाला, ताप का येतो. आई जमेल तसं सांगायची. वडील मात्र विषय बदलायचे. मग एकदा पाय मोडलेला एक मुलगा आपली छोटी गोधडी खांद्यावर टाकून कुबड्या टेकत घरी गेला. ती तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. त्या दुपारी तिनं मला पायानं ओढत ओढत गळ्यापर्यंत घेतलं.

काही महिन्यांनी आम्ही दोघी घरी आलो. तिला जावळासारखे केस फुटले. मला धुऊन गच्चीवर वाळत घातलं, की ती माझ्याखाली शिरून बसायची.

काल तिला पुन्हा ताप भरला. घाईघाईत तिला नेलं, मी पलंगावरच राहिले.

आज सकाळी वडील एकटे घरी आले. त्यांनी माझी जमेल तशी घडी घातली आणि मला छातीशी धरून रिक्षात बसले. तिनं मला मागितलंय म्हणे.

आता रिक्षा सिग्नलला थांबली आहे. वडील तिला सांगायचं ते हलक्या आवाजात घोकतायत. "ताप परत आलाय. डॉक्टर बघतायत. बरं होईल की नाही, मला माहीत नाही. मलाही भीती वाटते." शेवटच्या वाक्याला अडखळतात, की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

म्हणू द्या त्यांना. आणि रिक्षावालेदादा, सिग्नल सुटला तरी जरा सावकाश घ्या.